मुडबीपर्यंत लिंबू

पंचमीच्या आठवड्यात आमच्या हुलसूरच्या दुकानात लिंबं खाण्यापेक्षा फेकायला जास्त खपतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडे जरा संशयानंच बघतो. पण आमच्या या सीमेवरच्या पट्ट्यात, बसवकल्याणपासून खाली कलबुर्गीच्या अंगाला, नागपंचमी म्हणजे बायकांना झोका आणि पुरुषांना पैज. कुणी डोळे बांधून वेशीपर्यंत चालून दाखवतो, कुणी भरली घागर डोक्यावर घेऊन उलटा चालतो, कुणी ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन देवळाला फेऱ्या घालतो. सगळ्यांत मानाची पैज लिंबाची. आपल्या वेशीतून लिंबू फेकायचं, पडेल तिथून उचलून पुन्हा फेकायचं, आणि ठरलेल्या फेकींत शेजारच्या गावची वेस गाठायची. जिंकला तर खोबऱ्याची वाटी. हरला तर पुढच्या पंचमीपर्यंत लोक नाव घेऊन हसणार.

पोरं येतात आणि पिवळीधमक, रसरशीत लिंबं उचलतात. मी म्हणते, "ठेव ती. दुसऱ्याच फेकीला फुटतेत. ही हिरवी घे, जाड सालीची." पोरं म्हणतात, "काकू, तुमाला काय म्हाईत?" मला काय माहीत ते सांगत बसले तर दुकान बंद करावं लागेल, म्हणून मी गप्प लिंबं निवडून देते. शेजारच्या घरात लाह्या फुटत असतात. ज्वारीच्या लाह्यांचा तो करपट-गोड वास गल्लीभर होतो, आणि मी गल्ल्यावर बसल्या जागी पंधरा वर्षांची होते.

माझा मुलगा पुण्याला असतो. तो मला रोज सकाळी मोबाईलवर एक गुलाबाचं फूल पाठवतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं, 'स्वतःवर विश्वास ठेवा, अशक्य काहीच नाही.' मी हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि मनात म्हणते, बाबा, इतकं सोपं असतं तर तुझी आई आज गूळ जोखत बसली नसती. स्वतःवर विश्वास ठेवणारं माणूस मी उभ्या जन्मात एकच अगदी जवळून पाहिलं. ते म्हणजे माझी अक्का, माझी मोठी बहीण सुमित्रा. तिच्या त्या विश्वासाच्या आड मी एक गोष्ट केली होती. ती चाळीसेक वर्षं माझ्या पोटात होती. नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

आमचं माहेर मुडबीच्या अलीकडे तीन किलोमीटरवर. शे-दीडशे घरांचं गाव, काळी जमीन, आणि गाव आणि मुडबीच्या मध्ये एक ओढा. अक्का त्या वर्षी बारावी झाली होती. गावातली बारावी झालेली ती पहिली मुलगी. पण गावाला त्याचं फार कौतुक होतं असं नाही, गावाला तिच्या लग्नाचं बघायचं होतं. अशात गुलबर्ग्याहून पत्र आलं. कलबुर्गीला तेव्हा आम्ही गुलबर्गाच म्हणायचो. नर्सिंगच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला होता, आणि पंचमीनंतर आठ दिवसांच्या आत हजर व्हायचं होतं. पत्र कानडीत होतं. अप्पांना कानडी बोलता यायचं पण वाचता यायचं नाही, त्यांची शाळा निजामाच्या काळात उर्दूत झालेली. म्हणून अक्कानंच ते पत्र आधी कानडीत वाचून दाखवलं आणि मग मराठीत सांगितलं. मी माजघराच्या दाराशी उभी होते.

अप्पा म्हणाले, "लोकाचं रगत-मूत पुसायला पोरगी धाडू का मी? गावात तोंड दाखवायचं हाय मला."

अक्कानं पत्राची घडी घालून ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. माय चुलीपुढून म्हणाली, "दोन दिवस जाऊ द्या, मग बोलू." आमच्या घरात 'मग बोलू' म्हणजे विषय संपला.

अप्पा वाईट नव्हते, हे इथंच सांगते, कारण ही गोष्ट ऐकून लोक त्यांना वाईट ठरवतात. ते घाबरलेले होते. त्यांच्यासाठी गुलबर्गा म्हणजे कोर्ट आणि दवाखाना, दोन्हीकडे माणूस नाइलाजानं जातो. तिथे आपली पोरगी हौसेनं जायचं म्हणते, हेच त्यांना समजत नव्हतं. त्यांना ओरडता आलं असतं, पण ते ओरडणारे नव्हते. ते टिंगल करायचे, आणि टिंगल आपल्यावरच उलटू शकते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आषाढी अवसेला पारापुढच्या कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले. अक्का झोक्यावर उभी होती, मी मागून ढकलत होते. पारावर पुरुष पैजा ठरवत होते. कुणीतरी अप्पांना विचारलं, पोरीचं काय ठरलं, गुलबर्ग्याला धाडायलाव का? अप्पा हसत मोठ्यानं म्हणाले, "धाडतो की. लिंबू फेकत मुडबी गाठ म्हनावं आधी. मग गुलबर्गा गाठ."

सगळे हसले. मीपण हसले, खोटं कशाला बोलू. अक्कानं पाय टेकवून झोका थांबवला. तिथूनच म्हणाली, "किती फेकीत, अप्पा?"

हसणं एकदम थांबलं. पोरी झोका खेळतात, लिंबू फेकत नाहीत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कुणी कधी फेकलंही नव्हतं. अप्पा गडबडले. "एकशे एक," ते म्हणाले. गडी माणूस साठ-पासष्ट फेकींत मुडबी गाठतो, तेव्हा एकशे एक म्हणजे त्यांनी सवलतच दिली, किंवा त्यांना तसं वाटलं.

हिरप्पा मामा पारावर बसलेले होते. सगळ्या पैजांची मोजदाद त्यांच्याकडे असायची. त्यांचे आजे-पणजे मेंढरं राखणारे. मोजण्यात मामांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. ते अप्पांना म्हणाले, "शब्द गेला बरं का. पंचमीचा शब्द हाय, मागं घेता येत न्हाई." अप्पा म्हणाले, "व्हय, व्हय, कोन मागं घ्यायलंय." आणि तंबाखू मळायला लागले.

अक्काकडे पाच दिवस होते. पहाटेच पाटी घेऊन ती मळ्यात जायची, तण काढायला म्हणून. मी मागे मागे. बांधावर उभी राहून ती मातीचे गोळे फेकायची. लिंबाएवढे गोळे तिनं स्वतःच करून वाळवले होते. आदल्या हिवाळ्यात ज्वारी निसवली तेव्हा सगळा हंगाम अक्का माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची, पाखरं राखायची. गोफणीनं तिचा खांदा तयार झालेला होता. आता हातात गोफण नव्हती, पण हात तसाच मागून फिरून यायचा. पहिल्या दिवशी गोळा जिथे पडला तिथे तिनं एक ढेकूळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे दुसरं.

मी तिला विचारलं, "अक्के, जमंल का गं?"

ती म्हणाली, "कालच्यापेक्षा दोन पावलं फुडं गेलंय."

"ते न्हाई गं. मुडबी गाठायला जमंल का?"

"आज दोन पावलं फुडं गेलंय," ती पुन्हा म्हणाली, आणि मला गोळे गोळा करून आणायला पाठवलं.

मला तिचा राग आला होता. मी तिच्या जागी असते तर पाच दिवस रडले असते, देवाला नवस बोलले असते, मैत्रिणींना दहा वेळा विचारलं असतं. ही बाई नुसती पावलं मोजत होती. मला वाटायचं हिला पूर्ण गोष्ट कळलीच नाही. हरली तर काय होईल, नुकतंच सांगून आलेलं उदगीरकडचं स्थळ, तो हातभर मिशांचा मुलगा, हे सगळं मला दिसत होतं आणि तिला फक्त ढेकूळ दिसत होतं. आता या वयात वाटतं, तिलाही सगळं दिसत असणार. तिनं फक्त आपली नजर ढेकळापर्यंतच ठेवली होती. विश्वास म्हणजे छाती फुगवून 'मी जिंकणार' म्हणणं, असं फुलाखालच्या अक्षरांवरून वाटतं. अक्कानं पाच दिवसांत एकदाही तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. तिचा विश्वास तोंडात नव्हता, तो खांद्यात होता, आणि संध्याकाळी तो दुखायचाही.

तिसऱ्या दिवशी हात वर होईना. मायनं गुपचूप तिळाचं तेल कोमट करून चोळलं. अप्पा ओसरीवरच होते, म्हणून कुणी काही बोललं नाही. चोळता चोळता माय एवढंच म्हणाली, "पातळ सालीचं घेऊ नगंस. रस नसला तरी चालतंय, साल जाड पायजे." दुसऱ्या दिवशी देवळीत पाच हिरवी लिंबं ठेवलेली होती. पंचमीला आमच्यात काही चिरत नाहीत, विळीला हात लावत नाहीत. त्यामुळे ती लिंबं लोणच्याची आहेत असं म्हणायची कुणाची सोय नव्हती. अप्पांनी ती पाहिली आणि पाणी पिऊन बाहेर गेले.

पंचमीला सकाळी वारुळाला दूध-लाह्या वाहून झाल्या. जेवणं झाली. दुपारी वेशीत सगळं गाव. झोके सोडून बायकासुद्धा आल्या होत्या, आमच्या गावात असं पहिल्यांदाच झालं. हिरप्पा मामांनी सगळ्यांपुढे ज्वारीचे एकशे एक दाणे मोजून धोतराच्या सोग्यात बांधले. एक फेक झाली की एक दाणा पाखरांना टाकायचा, अशी त्यांची रीत होती. अक्कानं लंगा वर खोचला, ओढणी कमरेला गच्च बांधली, वेशीच्या मारुतीला हात जोडले आणि लिंबू फेकलं.

पहिल्याच फेकीला पोरं ओरडली. लिंबू चांगलं लांब गेलं होतं. पण रात्रीच्या भुरभुरीनं पांदीच्या वाटेवर चिखल होता, लिंबू पडलं की तिथेच रुतायचं, गडगडत पुढे जायचं नाही. कोरड्यात पाच-सहा पावलं फुकट मिळतात, ती अक्काला मिळत नव्हती. माझं काम पुढे धावून लिंबू शोधायचं. दोन्ही बाजूंना गुडघाभर तूर, शेंगा धरलेला मूग. लिंबू हिरवं, रानही हिरवं. शोधता शोधता माझे डोळे भरून यायचे, तरी मी हात वर करून ओरडायचे, "हितं हाय." हिरप्पा मामा मागून मोजत यायचे. अप्पा सगळ्यांच्या मागे, छत्री मिटून, एकटे.

पन्नाशीनंतर अक्काची फेक कमी पडायला लागली. हे माझ्या लगेच लक्षात आलं, कारण मला आता आधीइतकं धावावं लागत नव्हतं. ती दर फेकीनंतर उजवा हात डाव्या हातानं धरून चालत यायची. चेहऱ्यावर काही नाही. ओढ्यापाशी आलो तेव्हा हिरप्पा मामा "पासष्ट" म्हणाले. समोर ओढा, दोन्हीकडे उतरत्या दरडी, बाभळीची झाडं. लिंबू पाण्यात पडलं तर फेक वाया, पुन्हा मागच्या जागेवरून फेकायचं, असा नियम. अक्कानं फेकलं. मी दरड उतरून धावले.

लिंबू ओढा ओलांडून गेलंच नव्हतं. अलीकडच्या काठाला, गवतात, पाण्यापासून हातभर अंतरावर पडलं होतं.

त्या क्षणी मी काही विचार केला असं मला आठवत नाही. मी एवढंच पाहिलं की मागचे लोक अजून दरडीच्या पलीकडे आहेत आणि त्यांना मी दिसत नाही. मी लिंबू उचललं, मुठीत धरलं, पाण्यातून पळाले, समोरची दरड चढले, अजून थोडी पुढे गेले आणि लिंबू तुरीच्या कडेला ठेवून ओरडले, "हितं हाय." चाळीस पावलं असतील. लोक दरडीवर आले, मला पलीकडे उभी पाहिली आणि एकच गलका झाला. कुणी म्हणालं, "काय फेकली रं पोरीनं!" अक्का ओढ्यातून येताना माझ्याकडे बघून हसली. दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली होती. त्यानंतरची तिची फेक पहिल्या फेकीइतकी लांब गेली.

मी मात्र तिथून पुढे गेले नाही. पळताना बाभळीचा काटा पायात घुसला होता, म्हणून बसले असं मी सगळ्यांना सांगितलं. काटा खरंच होता, पण काट्यानं मी कधी बसले नव्हते. मी भ्याले होते. हिरप्पा मामांना कळेल, अप्पांना कळेल, अक्काची पैज मोडेल. तिथे तुरीत बसून मी मुडबीकडून येणारा आवाज ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं हलगी वाजली, पोरं ओरडली, आणि मला कळलं की गाठली. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. त्या दोन्ही गोष्टी एकत्रच माझ्याबरोबर राहिल्या.

अप्पांनी शब्द पाळला. आठव्या दिवशी तेच अक्काची पेटी डोक्यावर घेऊन मुडबीच्या फाट्यापर्यंत गेले. वाटेत कुणी विचारलं, "कुठं निघालाव?" तर म्हणायचे, "पोरगी गुलबर्ग्याला जायलीय, डाक्टरीन व्हायला." नर्स म्हणायची त्यांची अजून तयारी नव्हती. पुढे तीही झाली. शेवटच्या आजारपणात अक्काशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ते गोळी घेत नसत.

अक्का नर्स झाली. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या दवाखान्यांत तिनं जन्म काढला. किती बायकांची बाळंतपणं केली, किती जणींना अवघड वेळी हिंमत दिली. हिंमत देताना ती लिंबाची गोष्ट सांगायची. कळा देऊन थकलेल्या पोरीला म्हणायची, "सगळं मुडबी बघू नगंस. आत्ताची एक फेक टाक." घरी आली की पोरांना सांगायची, पाहुण्यांना सांगायची. ती गोष्ट सुरू झाली रे झाली की मी चहा टाकायला उठायचे. माझ्या घरात अक्का आल्यावर इतका चहा कसा होतो याचं माझ्या नवऱ्याला कोडं होतं.

तिचं सगळं आयुष्य त्या चाळीस पावलांवर उभं आहे, असं मला वाटायचं. आणि ती पावलं माझी होती. यात मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही वाटायचा. गर्वाचं मी इतकी वर्षं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

अक्का गुलबर्ग्याला गेल्यावर दोन वर्षांनी माझी वेळ आली. माझी दहावी झालेली, मार्क बरे होते. शिक्षकाच्या ट्रेनिंगचा फॉर्म अक्कानंच गुलबर्ग्याहून आणून दिला. या वेळी अप्पांनी आडकाठीसुद्धा केली नाही. जेवताना सहज म्हणाले, "जातीस का गं कमळे? जा जायचं तर." माझ्यासाठी पैज नव्हती, मुडबी नव्हती, चिखल नव्हता. दार उघडंच होतं. मी म्हणाले, "न्हाई. मला न्हाई जमायचं." मायनं दोनदा विचारलं, अक्कानं चार पानी पत्र लिहिलं. मी फॉर्म भरलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात हुलसूरचं स्थळ आलं, किराण्याचं दुकान असलेलं, माणसं चांगली. मी सुखात आहे. हे मी कुणाला पटवून देण्यासाठी लिहीत नाही, खरंच सुखात आहे. पण सकाळी शाळेच्या पोरी दुकानापुढून जातात तेव्हा मी हिशोबाची वही उघडून खाली बघते.

यंदा अक्का निवृत्त झाली आणि पंचमीला चांगली आठ दिवसांसाठी माझ्याकडे आली. आई-वडील नसल्यावर आम्ही दोघी एकमेकींचं माहेर. दुपारी ओसरीवर बसून आम्ही शेंगदाण्याचे लाडू वळत होतो. समोरून पोरं लिंबू घेऊन ओरडत गेली. अक्का हसून म्हणाली, "कमळे, आता माझ्यानं दोन फेकीसुदा व्हायच्या न्हाईत." आणि मला काय झालं कोण जाणे, ती गोष्ट सुरू करायच्या आतच मी म्हणाले, "अक्के, ओढ्यापाशी लिंबू पलीकडं गेलंच नव्हतं. मी नेऊन ठेवलतं."

तिचा लाडू वळणारा हात थांबला. "कुठून कुठं?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. गवत, दरड, चाळीस पावलं, तूर, काटा. मला वाटलं ती आता चिडेल, किंवा रडेल, किंवा उठून आत जाईल. साठ वर्षांच्या बाईनं जन्मभर ज्या गोष्टीचा आधार दिला-घेतला, तिचाच पाया मी एका दुपारी काढून घेत होते.

अक्कानं विचारलं, "चाळीस पावलं म्हनायलीस ना?"

"व्हय."

"माझी एक फेक पन्नास पावलं जायची. दमल्यावर चाळीस धर."

"बरं."

"म्हंजे एक फेक."

"व्हय की. पण त्याच एका फेकीनं..."

"सहा उरल्यात्या," अक्का म्हणाली.

मला कळलं नाही. ती म्हणाली, "मुडबीच्या वेशीत हिरप्पा मामानं सोगा सोडला आन् उरलेले दाणे माझ्या हातात दिले. सहा हुते. सगळ्यांपुढं मोजले. तू न्हवतीस का तितं?" मग तिचं तिलाच आठवलं. "व्हय गं, तू काटा घेऊन बसलतीस."

सहातून एक गेला तर पाच. ज्या बाईनं चाळीस वर्षं दुकानात बसून पावशेर-अर्ध्या शेराचा हिशोब तोंडी केला, तिला ही वजाबाकी एकदाही सुचली नव्हती. सुचली नव्हती कारण मी शेवट पाहिलाच नव्हता, आणि ऐकायची वेळ आली की उठून जात होते. माझ्या मनात अक्कानं ती वेस एकशे एकाव्या फेकीला, अगदी जेमतेम गाठलेली होती. ते तसं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. ते मीच ठरवलं होतं.

"तरी पण," मी म्हणाले, कारण चाळीस वर्षांचं ओझं असं पटकन खाली ठेववत नाही, "लिंबू अलीकडं पडलेलं बघून तुझी हिंमत खचली असती."

"खचली असती," ती म्हणाली. "मग आजून एक फेकलं असतं. दुसरं काय करनार हुते?"

इतक्या साधेपणानं म्हणाली की मला हसू आलं. तीही हसली. मग म्हणाली, "पन तू लई लबाड हायस. मला एवढी वर्सं सांगितलं न्हाईस," आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला, शेंगदाण्याच्या कुटाच्या हातानं. मला वाटलं, चला, संपलं. इतकं घाबरले होते आणि इतक्यातच संपलं.

पण दवाखान्यात जन्म काढलेली बाई, माणूस कुठं दुखतंय ते लपवायला लागलं की तिला लगेच कळतं. तिनं पुन्हा लाडू हातात घेतला, वळता वळता थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कमळे, तू ट्रेनिंगला कामून गेली न्हाईस गं? मी लई विचारलं तवा, तू काय सांगितलं न्हाईस."

मी ताटातले लाडू सरळ करत बसले. ते सरळच होते. काय सांगायचं? की मला वाटलं, माणूस आपल्या बळावर कुठं पोचत नसतं, कुणीतरी गुपचूप त्याचं लिंबू पुढे नेऊन ठेवलेलं असतं. तू तशीच पोचलीस असं मी धरून चालले. आणि माझ्यासाठी ओढ्यात उतरणारं कुणी मला दिसेना. लोक म्हणतात माझा स्वतःवर विश्वास नव्हता. तसं नाही. माझा विश्वास पक्का होता, फक्त तो चुकीच्या गोष्टीवर होता, आणि अक्कानं खांद्याला जपलं नसेल इतकं मी त्याला जपलं.

एवढं काही मला बोलता आलं नाही. मी म्हणाले, "मला वाटलं, तुझं लिंबू मी नेलं. माझं कोन नेनार?"

अक्कानं लाडू ताटात ठेवला. आयुष्यात ती माझ्यावर आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली.

"आन् मी काय मेलते का गं?" ती म्हणाली. "गुलबर्ग्यात बसून तुझी वाट बगत हुते. फाट्यावर येऊन हुबी ऱ्हायले असते. तू एकदा फेकायचं तरी हुतं."

मला रडू आलं. छप्पन्नाव्या वर्षी, भर दुपारी, गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं असताना मी लहान पोरीसारखी रडले. अक्कानं मला गप्प बस म्हटलं नाही.